बर्फखोलीचं दार

३० मार्च, गुढीपाडवा

आलो बाई एकदाचे!

सकाळपासून छोट्या हत्तीच्या तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला मी शिलाई मशिनींच्या मधोमध गुढीची काठी धरून बसले होते. बूढ़ापाऱ्याच्या गल्लीत वळताना काठी वायरीत अडकली. मागे वीसेक स्कूटरवाले खोळंबले, पण कोणी शिवी हासडली नाही. एक जण तर उतरून आला आणि बांबूनं वायर उचलून धरली. निरंजन म्हणाला, बघ, आता खरे शहरात आलो. उरल्याच्या औद्योगिक भागातली चार वर्षं काय रायपुराबाहेर काढली का, असं मी म्हटलं खरं, पण त्याचं चूक नव्हतं. तिथे शेजारी माणसं नव्हती, भट्ट्या होत्या. आम्ही गोधड्या शिवणारे. सकाळी पांढरं कापड पसरावं आणि जेवून येईस्तोवर त्यावर लोखंडाची काळी साय धरलेली. दिवाळीत पुण्याच्या एका बाईंनी गोधडी परत पाठवली. सोबत चिठ्ठी, कारखान्याचा वास येतो. त्या दिवशीच जागा बदलायचं ठरलं.

आणि जागा मिळाली ती बर्फाच्या कारखान्याची! पंचेचाळीसेक वर्षं बंद आहे. पुढे मोठं दालन, वर दोन खोल्या, मागे कुठली तरी अंधारी खोली. आम्ही राहणार पलीकडच्या गल्लीत, भाड्याच्या खोलीत. मालक श्यामराव सत्तरीच्या पुढचे, भोसल्यांच्या काळापासून इथे असलेल्या मराठी घरातले. तलावाजवळ एकटेच राहतात. किल्ली आणायला गेलो तर हातावर साखर ठेवली. निरंजननं त्यांना आमचा सगळा बेत सांगितला. सिमेंट जवळजवळ नाहीच, चुन्याचा गिलावा, जुन्याच विटा, जुनंच लाकूड, जून संपेपर्यंत छतावर सोलर, आणि इमारतीतून एक घमेलं मलबासुद्धा बाहेर टाकायचा नाही. चौदा वर्षं त्यानं कंत्राटदाराच्या नोकरीत चांगल्या इमारती पाडल्या, त्याचं हे प्रायश्चित्त आहे असं तो म्हणतो. श्यामरावांनी दोनदा विचारलं, काहीच फेकणार नाही? नाही म्हटल्यावर पंधरा वर्षांच्या करारावर न वाचता सही केली.

प्रमोदिनीताई सगळ्यांत खूश. आमचं सगळं कापड तीच कापते. तिचं माहेर-सासर दोन्ही याच मोहल्ल्यातलं, इथल्या बोलीत पाऱ्यातलं. उरल्याला दोन ऑटो बदलून यायची बिचारी. शिवणाऱ्या चौघीही आल्या. गुळाचा खडा वाटला. दरवाजाला वाळवी लागली आहे, छतात कबुतरं आहेत, आणि मला ही जागा फार आवडली आहे.

५ एप्रिल

मागची अंधारी खोली म्हणजे बर्फखोली. तयार झालेल्या बर्फाच्या लाद्या तिथे रचून ठेवायचे. खिडकी नाही. भिंती दुहेरी, मधल्या पोकळीत धानाचा भुसा ठासलेला. दार पाहून तर निरंजन नाचायचाच बाकी राहिला. दोन झडपा, प्रत्येक वीतभर जाड, बाहेरून साल वृक्षाचं लाकूड, आतून जस्ताचा पत्रा. त्याला बाहेरच्या बाजूनं लोखंडी अडसर. झडप ओढली की अडसर आपोआप खाचेत पडतो. आतून कडी नाही, कोयंडा नाही, काहीच नाही. बर्फाला कशाला लागते कडी, निरंजन म्हणाला.

बाहेर एकेचाळीस अंश, आत चोवीस. कूलर नाही, पंखा नाही. आम्ही दोघं दहा मिनिटं तिथेच जमिनीवर बसून राहिलो, भर दुपारी, लग्न झाल्यावर बसायचो तसे.

बेत ठरला. बर्फखोलीला दोन खिडक्या पाडायच्या आणि शिवणकाम तिथे. एक झडप प्रमोदिनीताईला कापायचं टेबल म्हणून. दुसरी झडप पुढे, वाळवीच्या दरवाजाच्या जागी. भिंतीतला भुसा चुन्यात आणि मातीत कालवून पुढच्या दालनाला गिलावा. सगळं जागच्या जागी! आतून कडी लोहाराकडून करून घ्यायची आहे, ते मी त्याच्या यादीत लिहून ठेवलं.

जस्ताच्या पत्र्याला कमरेच्या उंचीवर पुष्कळ पोचे आहेत. लाद्या आदळून पडले असतील.

१३ एप्रिल

टेबल झालं. सध्या पुढच्या दालनातच, बर्फखोलीच्या खिडक्या अजून पाडायच्या आहेत. लाकूड वर, पत्रा खाली. प्रमोदिनीताई कापड कापता कापता मधेच थांबते आणि दोन्ही तळवे टेबलावर ठेवते. माठाच्या पाण्यासारखं गार आहे म्हणे. नवा दरवाजाही लागला, जुन्या अडसरासकट; आतली कडी अजून यादीतच. गल्लीतले लोक येऊन हात लावून जातात. सदर बाजारातला आमचा चिंधीवाला कात्रणांचं गाठोडं टाकायला आला तो अर्धा तास हललाच नाही. भौजी, इथंच दुकान लावू द्या, म्हणाला.

दुपारी दीडच्या सुमारास या भागात लाईट जाते. मशिनी थांबतात, सगळ्या डबे उघडतात. आज त्या शांततेत टेबलातून आवाज आला. ठक. मग ठक ठक. शिवणाऱ्यांपैकी एक दचकून उठलीच. निरंजननं सांगितलं, जुनं सालाचं लाकूड आहे, चाळीस वर्षं अंधारात होतं, आता उजेडात आलं तर फुगणार, बोलणार. आम्ही हसलो. प्रमोदिनीताईनं गंमत म्हणून कात्रीच्या मुठीनं टेबलावर तसंच ठक ठक केलं.

आतून उत्तर आलं. बहुतेक फुगण्याचाच आवाज. पण उत्तर दिल्यासारखा.

२१ एप्रिल

पुढच्या दालनाचा गिलावा पुरा झाला. भिंतीतून काढलेला भुसा इतकी वर्षं कोरड्या पोकळीत होता, पण ओला लागत होता. गवंडी हात झटकत होता, म्हणाला, ठंडा मार रहा है. आम्ही म्हटलं छानच की.

निरंजननं दालनात थर्मामीटर लावला आहे. परवा बावीस. काल एकोणीस. आज दुपारी सोळा. बाहेर त्रेचाळीस होतं. चुना अजून सुकतोय, पाणी उडतं तशी भिंत गार होते, महिन्याभरात स्थिरावेल, असं त्याचं म्हणणं. त्यानं मित्रांना फोटो पाठवले. एका मासिकाच्या बाई येणार आहेत, विजेशिवाय गार राहणारी इमारत बघायला.

मी आज गिऱ्हाइकाची गोधडी खांद्यावर घेऊन ऑर्डरी लिहिल्या. रायपुरात, एप्रिलात! वर्ध्याला आईला फोनवर सांगितलं तर तिला खरं वाटेना.

एक मात्र लिहून ठेवते. आवाज आता दरवाजातूनही येतो. टेबलातून आला की थोड्या वेळानं दरवाजातून. लाईट जाते तेव्हाच. आणि आवाज लाकडाच्या बाजूनं नाही, पत्र्याच्या बाजूनं येतो. म्हणजे टेबलाच्या खालून. मी आज वाकून पाहिलं. खाली कापडाच्या गाठोड्यांशिवाय काही नव्हतं. माझा श्वास दिसला मला, धुरासारखा.

२५ एप्रिल

प्रमोदिनीताईच्या उजव्या हाताची तीन बोटं पांढरी पडली. टोकं निळी. चार दिवस ती पदराखाली लपवत होती. मी तिला जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ही बाई कोल्ड स्टोरेजमध्ये काम करते का, मोजे का देत नाही तुम्ही? हिमदंश म्हणाले. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं.

परत येताना ऑटोत ती सांगायला लागली. रोज दुपारी, बाकीच्या बाहेर सावलीत डबा खायला गेल्या की, ती टेबलावर ठोकायची आणि तिकडून उत्तर यायचं. पहिल्यांदा मजा वाटली. मग टेबलाला कान लावला तर आतून कोणी बाई बोलायची.

मी विचारलं, काय बोलायची?

ती म्हणाली, "छोटे मालिक, फइरका ला खोल दे. रोज येवढंच. फइरका म्हणजे दार, गंधाली. आपल्याकडच्या खेड्यातलं बोलणं हाये. मी तिले म्हटलं, बाई, तू कोण, मले नाव सांग. तर म्हणे, जाड होत नाही का तुला? जाड म्हणजे थंडी. मग माझा हातच निघेना टेबलावरून."

ती उद्यापासून येणार नाही. मी तिला थांब म्हटलं नाही.

२८ एप्रिल

शिवणाऱ्या चौघीही गेल्या. एकीनं जाताना फक्त हात जोडले. मशिनींवर दव पडलंय, सुया गंजल्या.

निरंजनला म्हटलं, सोडू ही जागा. किंवा गिलावा खरवडून काढ, दार काढ, फेकून दे. तो म्हणाला, फेकायचं कुठे? आणि जिथे कुठे फेकू तिथे काय होईल? पहिल्यांदाच त्यानं कबूल केलं की काहीतरी आहे.

आज थर्मामीटर सहावर होता. मासिकाच्या बाईंना त्यानं येऊ नका असं कळवलं.

३० एप्रिल, अक्ती

आपली अक्षय्य तृतीया ती इथली अक्ती. गल्लीत पोरींनी बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं. हळद, गाणी, लाह्या. आमच्या दारापासून मात्र लांब, पलीकडच्या टोकाला. मी उंबऱ्यात उभी होते तर एकीच्या आईनं पोरीला दंडाला धरून मागे ओढलं.

निरंजन आत भिंतींना कान लावत फिरत होता. मी हाक मारली. ऐकली नाही. बोटाच्या पेरानं भिंतीवर ठोकत होता, डॉक्टर पाठ तपासतात तसं. जिथे ठोकलं तिथून उत्तर. पुढच्या दालनात, जिन्यात, वरच्या खोलीत. मागची बर्फखोली मात्र एकदम मुकी आणि आता बाहेरइतकी गरम. तिथे काही उरलेलं नाही.

आम्ही ते सगळं उचलून पुढे आणलंय. दार, भुसा, सगळं. आमच्या हातांनी.

घरी आल्यावर त्याच्या पाठीला हात लावला. त्रेचाळीस अंशांच्या दुपारी माणूस दोन गोधड्या घेऊन पडला होता आणि पाठ फरशीसारखी.

४ मे

छोटे मालिक कोण, ते विचारायला आज श्यामरावांकडे गेले. मी प्रमोदिनीताईचं ते वाक्य जसंच्या तसं बोलले. ते खुर्चीत बसले होते, बसल्या बसल्या लहान झाले.

त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच क्रमानं लिहिते.

सत्त्याहत्तर सालचा मे. ते तेवीस वर्षांचे होते. कारखाना वडिलांचा, कामगार वडिलांना बडे मालिक म्हणत, यांना छोटे. बिसाहिन नावाची बाई लाद्यांना भुसा लावायला यायची. अंगावर एक सुती लुगडं. त्या दिवशी ती आत असताना दीड वाजता लाईट गेली. वडील बाहेरगावी होते. जाताना बजावून गेले होते, लाईट नसताना दार उघडायचं नाही, थंडी गेली की माल गेला. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या घरच्या लग्नाला सगळा बर्फ जायचा होता. कोणीतरी झडप ओढून घेतली. अडसर पडला.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं ती आत आहे?

त्यांनी बाजूची काठी उचलून मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "दारासमोर स्टूल टाकून मीच बसलो होतो न. ती आधी हातानं वाजवत होती. मग बर्फाचा आकडा घेऊन वाजवला. लोक विचारत, काय वाजून राहिलं? मी म्हणे, बर्फ तडकून राहिला. पहिले वाटलं दहा मिनिटात लाईट येईल. मग वाटलं, आता उघडलं तर इतका वेळ काहून नाही उघडलं, हे सांगावं लागंल. मग आवाज कमी कमी झाला. अन् थांबला तवा मले बरं वाटलं, गंधाली. खोटं नाही बोलत. बरं वाटलं."

लाईट पाच वाजता आली. तिच्या नवऱ्याला सांगितलं, ऊन लागलं, लू लागून गेली. मे महिन्यात कोणाला शंका येणार? नवऱ्याच्या हाताला गार लागू नये म्हणून त्याआधी यांनी प्रेत बाहेर उन्हात ठेवलं होतं.

दोन वर्षांत कारखाना बंद पडला. लाद्या विकेनात, ज्याच्या घरी बर्फ जायचा तिथे ठोकण्याचा आवाज यायचा.

मी विचारलं, मग आम्हाला का दिलीत जागा? ते म्हणाले, तुम्ही सगळं उखडून नवं करणार असं कळलं होतं. दार तुटलं म्हणजे ती सुटेल असं वाटलं. पण तुम्ही तर काहीच फेकणार नव्हतात. तेव्हा खरं काय ते तोंडाशी आलं होतं. सही करून मोकळा झालो, म्हणाले.

मी चहा न पिता उठले. शिव्याही देता आल्या नाहीत. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांचा हात माझ्या हाताला लागला. तो गरम होता. साधा, माणसाचा, गरम हात.

५ मे

काल रात्री निरंजनला सगळं सांगितलं. तो रडला. मग म्हणाला, दार जाळायचं. दोन्ही झडपा. आयुष्यात पहिल्यांदा मी लाकूड जाळतो.

टेबलाची झडप आज सकाळी मजुरांनी मैदानात नेली. रॉकेल ओतलं. पेटली नाही. ज्वाळा वर यायची आणि दबून बसायची. नुसतं पाणी सुटत राहिलं तिच्यातून. मजूर पळाले.

पत्रा उचकटून पाहिला. पोच्यांच्या मागे लाकडात भोकं. आकड्याची. मोजली नाहीत.

६ मे

दरवाजाची झडप राहिली आहे. उद्या सकाळी निघेल. निरंजन म्हणतो बिजागऱ्या आतून खोलाव्या लागतील. मी म्हटलं एकट्यानं आत जायचं नाही, दाराला विटेची टेक लावल्याशिवाय तर नाहीच. हो म्हणाला.

डोळे चुकवून हो म्हणाला.

७ मे, दुपार

समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. हाताला काम हवं म्हणून. डावा तळवा सोलला आहे, उजव्यानं लिहिते.

निरंजन मला न सांगता आला. सकाळी मी प्रमोदिनीताईला बघायला गेले तेवढ्यात. तिचं एक बोट काढावं लागलं. घरी परतले तर पान्यांची पिशवी नाही. धावत इथे आले, एक चाळीस झाले होते. लाईट गेलेली. गल्लीत चिटपाखरू नाही. अडसर पडलेला. उंबऱ्यात विटेचे दोन तुकडे.

आणि आतून वाजत होतं.

गंधाली, उघड. त्याचाच आवाज. दात वाजत होते.

मी अडसर धरला. हात चिकटला. ओढला तर कातडं तिथेच राहिलं. पदर गुंडाळून पुन्हा धरला, हलेना. ओरडले. कोणी आलं नाही — पाण्याच्या टाक्या, कूलर, बंद खिडक्या. १०८ ला फोन केला. सदर बाजाराच्या गर्दीतून यायला वेळ लागेल म्हणाले. मग श्यामरावांना केला. का त्यांना, माहीत नाही. मी फक्त म्हटलं, निरंजन आत आहे.

काठी टेकत आले, अनवाणी. तापलेल्या डांबरावर. काही विचारलं नाही. अडसराला हात लावला आणि तो उचलला गेला, एवढ्याशा जोरानं. जणू त्यांचीच वाट —

निरंजनला त्यांनीच ओढून बाहेर काढलं. पापण्यांवर बर्फ, केसांत भुसा. जेमतेम अर्ध्या तासात एवढं.

मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "आवाज थांबेपर्यंत उघडू नको. मी पण नव्हतं उघडलं. एवढं झालं की संपते हे."

आत गेले आणि झडप ओढून घेतली. अडसर पडला.

दोन वाजून पाच.

निरंजन माझ्या मांडीवर. बोलतोय. फार हळू. म्हणतो, ती दार वाजवत नाही. ती मागे उभी असते, शांत. वाजवतो ते आपण.

दोन दहा

वाजायला लागलं. काठीनं वाजवताहेत. म्हातारे हात, पण जोर आहे. हे त्यांना हवं होतं. स्वतःच्या पायानं गेले. मी काही —

दोन चौदा

आता हाक मारताहेत. पोरी, उघड. चुकलो, उघड वं माय. नाही होत मले.

दोन सतरा

रडताहेत. निरंजननं माझं मनगट धरलंय. नको म्हणतो. ती बाहेर येईल म्हणतो. मी म्हणते संपू दे, त्यांनीच सांगितलं ना, संपू दे. असं मी म्हणते आहे. मी. मोठ्यानं म्हटलं आत्ता.

एक स्कूटरवाला थांबला. विचारलं, भौजी, क्या बज रहा है? मी म्हटलं काही नाही, काम चालू आहे.

गेला तो.

काम चालू आहे म्हटलं मी.

दोन तेवीस

अठरा मिनिटं. लिहून ठेवते, कारण नंतर विचारलं तर मी कमी सांगेन. अठरा मिनिटं मी बसून होते आणि माझा उजवा हात चांगला होता.

उठते. सोड निरंजन. त्याची बोटं उघडताहेत एकेक — उठले — गल्ली ओलांडायची, आठ पावलं —

थांबलं.

वाजायचं थांबलं.

श्यामराव. श्यामराव. हाक मारली. नाही.

पुन्हा आवाज. काठीचा नाही. बाईचा. दाराच्या अगदी जवळून, हळू, घाई नसल्यासारखा. ती आता छोटे मालिक म्हणत नाही. म्हणते, गंधाली दीदी, फइरका ला खो